फिरती फॉरेन्सिक व्हॅन: पंच म्हणून बसलो त्या दिवसाचा अनुभव

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात माझी पिठाची चक्की आहे. भिंतीला भिंत लागून कृषी केंद्र. यंदा पेरणीच्या तोंडावर, दुकान बियाण्याच्या पाकिटांनी भरलेलं असताना, कोणीतरी रात्री मागचा टिनपत्रा उचकटला आणि गल्ला व बियाणं नेलं. पंचनाम्याला पंच म्हणून मला बोलावलं. सकाळी आठपासून दुपारी तीनपर्यंत सगळं डोळ्यांसमोर झालं. पोलीस ठाण्याचं नाव लिहीत नाही, कारण एक तक्रारही आहे.

तक्रार आधी सांगतो. पहिले जमादार आले तेव्हा अर्धं गाव दुकानात शिरलेलं होतं, आणि त्यांनी कोणाला बाहेर काढलं नाही. चोराची सब्बल पत्र्याखाली पडली होती. ती त्यांनी तशीच उघड्या हाताने उचलली, दोघातिघांना दाखवली आणि भिंतीला टेकवून ठेवली. नंतर ठसेतज्ज्ञांनी ब्रशने पावडर मारून पाहिलं, तर एकावर एक उमटलेले फासटलेले ठसे निघाले, एकही धड नाही. हातात आलेली वस्तू अशी गेली, याचं मला आजही वाईट वाटतं. मीही जवळच उभा होतो, मला तेव्हा कळलं नाही.

अकराच्या सुमारास फॉरेन्सिक व्हॅन, म्हणजे जागेवरच पुरावे गोळा करणाऱ्या तज्ज्ञांची गाडी, आली आणि कामाची तऱ्हाच बदलली. तज्ज्ञ एक तरुण ताई होत्या. त्यांनी सर्वांना बाहेर काढून दोरी बांधली, आत जायला-यायला एकच वाट ठरवली. आधी लांबून फोटो, मग जवळून, मग बाजूला मोजपट्टी ठेवून. अंतरं मोजून कच्चा नकाशा काढला. तोवर कशालाच हात नाही.

माझ्या चक्कीचं पीठ उडून कृषी केंद्राच्या मागच्या खोलीत भिंतीकडेला पातळ थर बसतो. त्यात अर्ध्या चपलेचा ठसा होता. कोपऱ्यात असल्यामुळे गर्दीच्या पायाखाली आला नव्हता. ताईंनी खोली अंधारी करून टॉर्च जमिनीलगत आडवा धरला, आणि तळव्याची नक्षी, टाचेजवळची झीज, सगळं उठून दिसलं. "काकाजी, हे पीठ तुमच्याच चक्कीचं ना?" असं विचारून पिठाचा नमुनाही वेगळा घेतला. पुढे एखाद्याच्या चपलेला पीठ सापडलं तर जुळवून पाहता येतं म्हणाल्या.

पत्र्याच्या धारेवर रक्त सुकलं होतं. डिस्टिल्ड पाण्याने किंचित ओला केलेला कापसाचा बोळा त्यावर फिरवला. दुसरा बोळा शेजारच्या स्वच्छ पत्र्यावर फिरवला, तुलनेसाठी. मधे हातमोजे बदलले. दोन्ही बोळे सावलीत सुकवून कागदी पाकिटात घातले. पन्नीत का नाही, मी विचारलं. ओल कोंडते, बुरशी धरते, मग डीएनए खराब होतो, असं उत्तर मिळालं. ओला गहू पोत्यात भरणाऱ्याला हे वेगळं समजवावं लागत नाही.

प्रत्येक पाकिटावर वस्तू, जागा, तारीख, वेळ आणि आम्हा दोन्ही पंचांच्या सह्यांचं लेबल. वर लाख वितळवून मोहर, आणि त्याच मोहरेचा नमुना पंचनाम्यावर. प्रयोगशाळेत पाकीट पोचेल तेव्हा सील अखंड आहे का, नमुन्याशी जुळतं का, हे पाहिलं जातं. दुकानाच्या कॅमेऱ्याचा डीव्हीआर, म्हणजे चित्रीकरण साठवणारा डबा, घेताना त्याचं घड्याळ सात मिनिटं पुढे आहे, हेही लिहून घेतलं. ही बारीक गोष्ट मला फार आवडली, कारण न्यायालयात वकील हेच धरतात. जप्तीचं चित्रीकरण मोबाइलवरच्या ई-साक्ष्य या पोलिसांच्या पुरावे नोंदवायच्या ॲपमध्ये झालं.

एका दुकानाच्या चोरीसाठी एवढं कशाला, असं गावात काही जण म्हणाले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) मध्ये सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी यायचं आणि चित्रीकरण करायचं, अशी तरतूद आहे. राज्यांना ती पूर्ण लागू करायला पाच वर्षांपर्यंत मुदत दिली आहे. रात्रीची घरफोडी करून चोरी केली तर शिक्षा चौदा वर्षांपर्यंत जाऊ शकते. म्हणजे हा आपला हक्क आहे. ठाण्यात विचारा, व्हॅन कधी येणार म्हणून.

व्हॅनच्या कामाला माझ्याकडून पूर्ण पाच तारे. पहिल्या तीन तासांना एकही नाही. हातमोजे, दोरी आणि कागदी पाकिटं गावात आधी पोचणाऱ्या शिपायाच्या गाडीतच हवीत, व्हॅनची वाट पाहायला लागू नये.

मुद्देमाल अमरावतीच्या प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत गेला, अहवाल यायचा आहे. मी अकरा लेबलांवर सह्या केल्या. साक्षीला बोलावतील तेव्हा ओळखायला लागतील, म्हणून कोणत्या पाकिटात काय ते त्याच रात्री वहीत लिहून ठेवलं. पुन्हा असं काही झालं तर जागेभोवती बांधायला चक्कीत खुंटीला सुतळीचा गठ्ठाही टांगला आहे, आणि पोलीस पाटलांना तो दाखवून ठेवला आहे.