मोबाइलवरून दिलेले पैसे कुठून जावेत : बँक खाते, वॉलेट की कार्ड?

मोबाइलवरून पैसे देण्याची सोय सुरू करायची म्हटली की बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात तो 'कोणते ॲप चांगले?' हा. प्रश्न स्वाभाविक आहे, पण त्याच्या उत्तराने फारसे काही ठरत नाही. आज एकाच ॲपमधून तीन वेगवेगळ्या ठिकाणचे पैसे खर्च होऊ शकतात : बँक खात्यातील शिलक, वॉलेटमध्ये आधी भरून ठेवलेली रक्कम, किंवा फोनमध्ये नोंदवलेले कार्ड. बटण तेच असते आणि 'व्यवहार यशस्वी' हा संदेशही तोच येतो. त्यामुळे सगळे सुरळीत चालले आहे तोवर या तिन्हींतला फरक लक्षातही येत नाही. तो कळतो फोन हरवल्यावर, पैसे मध्येच अडकल्यावर किंवा कोणी गंडा घातल्यावर. म्हणून पुढील तुलना ॲपची नसून पैसे कुठून निघतात याची आहे.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. मोबाइल बँकिंग आणि मोबाइलवरून पैसे देणे या दोन वेगळ्या सवयी आहेत आणि पहिली लागली म्हणजे दुसरी लागतेच असे नाही. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, म्हणजे फेडरल रिझर्व्हने, या विषयावर काही वर्षे सलग पाहणी केली. तिच्यानुसार २०१५ मध्ये मोबाइल आणि बँक खाते असलेल्या प्रौढांपैकी ४३ टक्के लोक मोबाइल बँकिंग वापरत होते, पण मोबाइलवरून पैसे देणारे त्याहून बरेच कमी होते. बँकिंग वापरणाऱ्यांचे सर्वांत नेहमीचे काम होते शिलक पाहणे. न वापरणाऱ्यांची मुख्य कारणे दोन होती : आमची बँकेची कामे याशिवायही होतात, आणि सुरक्षिततेची खात्री वाटत नाही. पहिल्या कारणाकडे अनेकदा मागासलेपणा म्हणून पाहिले जाते, ते मला पटत नाही. ज्याला केवळ शिलक आणि जमा-खर्च पाहायचा आहे, त्याने आपल्या बँकेचे अधिकृत ॲप घ्यावे आणि तिथेच थांबावे. खालच्या तुलनेची त्याला गरज नाही.

तीन वाटा तीन वेगळ्या गरजांतून निघाल्या

केनियात मार्च २००७ मध्ये सफारीकॉम या दूरसंचार कंपनीने एम-पेसा सुरू केले, तेव्हा तिथल्या बहुसंख्य लोकांचे बँकेत खातेच नव्हते. साधा फोन, सिमकार्डातील मेन्यू आणि गावोगावचे एजंट यांच्या आधारे रोख रकमेचे मोबाइलवरच्या शिलकेत रूपांतर करता येऊ लागले. ही वॉलेटची वाट. स्वीडनमध्ये सहा बँकांनी २०१२ मध्ये सुरू केलेले स्विश, भारतात २०१६ मध्ये आलेले यूपीआय आणि ब्राझीलच्या मध्यवर्ती बँकेने नोव्हेंबर २०२० मध्ये आणलेले पिक्स यांची भूमिका उलट आहे : खाते आधीपासून आहे, त्यातून दुसऱ्या खात्यात पैसे काही सेकंदांत गेले पाहिजेत. तिसरी वाट ज्या देशांत कार्डांचा वापर आधीच रुळला होता तिथे फोफावली. ऑक्टोबर २०१४ मध्ये आलेल्या ॲपल पेने नवे खाते किंवा नवी शिलक निर्माण केली नाही. असलेले कार्डच फोनमध्ये आणून ठेवले. आजूबाजूच्या लोकांना जे सोयीचे पडते ते आपल्याला पडेलच असे नाही, याचे कारण या वेगळ्या उगमात आहे.

खात्यातून थेट

या पद्धतीचा सर्वांत मोठा गुण म्हणजे पैसे शेवटच्या क्षणापर्यंत बँकेतच राहतात. त्यावर व्याज मिळत असेल तर ते मिळत राहते, ठेव विम्याचे संरक्षण टिकते आणि वेगळी रक्कम भरून ठेवण्याचा व्याप नसतो. भारतात यूपीआयवरून खात्यातून दिलेल्या पैशांवर ग्राहकाला शुल्क पडत नाही. ब्राझीलमध्येही व्यक्तींसाठी पिक्स विनामूल्य आहे. प्रसार झपाट्याने होण्यामागे हे कारण मोठे आहे.

दोषही याच गुणाला चिकटून येतो. पैसे सेकंदात पोचतात, म्हणजे चुकीच्या माणसाकडेही सेकंदातच पोचतात, आणि एकदा पोचल्यावर ते परत घेण्याचे बटण पाठवणाऱ्याकडे नसते. शिवाय दारामागे संपूर्ण खाते उभे असते. ब्राझीलमध्ये लोकांना धमकावून पैसे पाठवायला लावण्याचे प्रकार वाढले, तेव्हा ऑक्टोबर २०२१ पासून रात्री ८ ते सकाळी ६ या वेळेत व्यक्तींच्या व्यवहारांवर १,००० रिआलची मर्यादा घालावी लागली. वेगाला नंतर मुद्दाम लगाम घातल्याचे हे बोलके उदाहरण आहे.

फसवणुकीची एक पद्धत जवळून पाहण्यासारखी आहे. जुनी वस्तू विकायला काढलेल्या माणसाला 'खरेदीदाराचा' फोन येतो. तो म्हणतो, पैसे पाठवले आहेत, फक्त मंजुरी द्या. पडद्यावर रक्कम बरोबर असते, नाव ओळखीचे वाटेल असे असते आणि खाली पिन टाकण्याची चौकट असते. विकणारा पिन टाकतो आणि पैसे येण्याऐवजी जातात, कारण ती पैसे मिळाल्याची सूचना नसून पैशांची मागणी असते. पैसे मिळवण्यासाठी पिन कधीच लागत नाही, हे वाक्य बँका वर्षानुवर्षे सांगत आल्या. अखेर यूपीआय चालवणाऱ्या राष्ट्रीय देयक महामंडळाने १ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्तीने व्यक्तीकडे अशी मागणी पाठवण्याची सोयच बंद केली. ग्राहकाने सावध राहावे असे बजावत बसण्यापेक्षा सापळ्याची जागाच बुजवणे अधिक परिणामकारक ठरते, असे माझे मत आहे.

वॉलेट

वॉलेटमधून जास्तीत जास्त किती जाऊ शकते हे आधीच ठरलेले असते. भारतातील यूपीआय लाइट हे त्याचे सुटसुटीत रूप आहे : डिसेंबर २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने त्याची एकूण मर्यादा ५,००० रुपये आणि एका व्यवहाराची मर्यादा १,००० रुपये केली, आणि या व्यवहारांना पिन लागत नाही. बँकेच्या खातेउताऱ्यात दिवसभरातील प्रत्येक लहान खर्चाची ओळ उमटत नाही, फक्त लाइटमध्ये भरलेली रक्कम दिसते. हा फायदा किरकोळ वाटला तरी महिनाअखेरीस उतारा वाचणाऱ्याला तो जाणवतो. मात्र ही शिलक त्या विशिष्ट फोनशी बांधलेली असते, त्यामुळे फोन बदलण्याआधी ती खात्यात परत वळवून घेणे आवश्यक आहे. पिन नसल्यामुळे फोनचे कुलूप हेच या पैशांचे कुलूप, हेही विसरता कामा नये.

कंपनीच्या वॉलेटचा प्रश्न वेगळा आहे. तिथे आपले पैसे बँकेत आपल्या नावावर नसून कंपनीने सर्व ग्राहकांसाठी मिळून राखलेल्या निधीत असतात. केनियात एम-पेसाची रक्कम विश्वस्त व्यवस्थेखाली बँकांत ठेवली जाते, आणि चीनने जानेवारी २०१९ पर्यंत देयक कंपन्यांना ग्राहकांची संपूर्ण रक्कम मध्यवर्ती बँकेत ठेवायला लावली. असे कडक नियम जिथे नाहीत किंवा पाळले जात नाहीत, तिथे मधली कंपनी अडचणीत आली की ग्राहक अडकतो. २०२४ मध्ये अमेरिकेत सिनॅप्स ही ॲप आणि बँका यांच्यामधली कंपनी दिवाळखोरीत गेली. कोणाचे किती पैसे कोणत्या बँकेत आहेत याचा मेळच लागेना आणि अनेक ग्राहकांना कित्येक महिने आपले पैसे काढता आले नाहीत. भारतात त्याच वर्षी पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध आले आणि १५ मार्चनंतर तिच्या वॉलेटमध्ये नवी रक्कम भरणे थांबले. असलेली शिलक वापरण्याची किंवा काढण्याची मुभा मात्र राहिली. दोन्ही प्रसंगांतील परिणाम सारखे नाहीत, आणि तो फरक नियामकाची नजर किती जवळून होती यावरून पडतो.

ज्याच्याकडे खाते नाही किंवा स्मार्टफोन नाही त्याच्यासाठी मात्र हे सगळे आक्षेप दुय्यम आहेत. त्याच्यापुढचा पर्याय बँक नसून रोख रक्कम हा असतो, आणि ती दूरच्या घरी पाठवण्याची जोखीम वॉलेटपेक्षा किती तरी मोठी असते. त्याने फक्त शुल्काचे कोष्टक नीट वाचावे. पैसे भरणे फुकट आणि काढणे सशुल्क, अशी रचना अनेक ठिकाणी असते.

फोनमधले कार्ड

फोन यंत्राजवळ नेऊन पैसे देताना कार्डाचा खरा क्रमांक दुकानदाराला मिळत नाही. त्या फोनपुरता एक पर्यायी क्रमांक तयार केलेला असतो आणि प्रत्येक व्यवहारासाठी नवा सांकेतिक आकडा जातो. तो चोरून पुन्हा वापरता येत नाही. चोरीपासून संरक्षणाच्या दृष्टीने प्लास्टिकच्या कार्डापेक्षा ही पद्धत सरस आहे. तिची मर्यादा अशी की समोरच्याकडे तसे यंत्र हवे आणि कार्डाचे शुल्क सोसण्याची त्याची तयारी हवी. युरोपीय संघाने डिसेंबर २०१५ पासून या शुल्कातील बँकांचा वाटा डेबिट कार्डाला ०.२ टक्के आणि क्रेडिट कार्डाला ०.३ टक्के इतका मर्यादित केला. जिथे अशी मर्यादा नाही तिथे लहान विक्रेते अनेकदा कार्ड नाकारतात, आणि ओळखीच्या व्यक्तीला पैसे पाठवायला तर ही पद्धत सहसा उपयोगीच पडत नाही.

बिघडल्यावर कोण भरून देणार?

माझ्या मते निवड ठरवणारा खरा प्रश्न हाच आहे. बिघाड तीन प्रकारचे असतात आणि लोक ते एकत्र करतात, म्हणून तक्रार चुकीच्या जागी जाते.

पहिला प्रकार तांत्रिक : पैसे कापले गेले, पण पोचले नाहीत. यात खात्यातून थेट दिलेल्या पैशांची स्थिती बरी असते. भारतात रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या नियमानुसार व्यक्तीला पाठवलेले यूपीआयचे अडकलेले पैसे फार तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत, आणि विक्रेत्याच्या बाबतीत पाच दिवसांत, आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे दररोज १०० रुपये भरपाई देय होते. ती मागावी लागू नये असे नियमात असले तरी तारीख टिपून ठेवणे शहाणपणाचे.

दुसरा प्रकार चोरीचा : आपल्या नकळत कोणी तरी व्यवहार केला. इथे बहुतेक देशांचा कायदा ग्राहकाच्या बाजूचा आहे, पण घड्याळाच्या काट्यावर चालतो. अमेरिकेत डेबिट व्यवहारांची चोरी लक्षात आल्यापासून दोन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास ग्राहकाची जबाबदारी ५० डॉलरपर्यंत राहते, उशीर केल्यास ती ५०० डॉलरपर्यंत जाते आणि खातेउतारा मिळून ६० दिवस उलटल्यावर मर्यादाच उरत नाही. भारतात बँक व ग्राहक या दोघांचाही दोष नसेल, तर सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवणाऱ्यावर काहीच बोजा पडत नाही. हा नियम बँकांसाठी २०१७ मध्ये आला आणि २०१९ मध्ये वॉलेट कंपन्यांनाही तशाच स्वरूपात लागू झाला. पण पिन किंवा ओटीपी आपणच सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचे सर्व नुकसान आपले.

तिसरा प्रकार सर्वांत अवघड : फसवले गेल्यामुळे आपणच, आपल्या हाताने, पैसे पाठवले. बँकेच्या दृष्टीने असा व्यवहार अधिकृत असतो, म्हणून अनेक देशांत तो वरच्या संरक्षणातून निसटतो. ब्रिटनने ७ ऑक्टोबर २०२४ पासून अशा फसवणुकीची ८५,००० पौंडांपर्यंतची भरपाई बंधनकारक केली आणि तिचा भार पाठवणाऱ्या व स्वीकारणाऱ्या बँकांवर निम्मा-निम्मा टाकला. ब्राझीलमध्ये ८० दिवसांच्या आत दाद मागता येते, परंतु रक्कम ज्या खात्यांत गेली तिथे ती शिल्लक असेल तरच हाती लागते. भारतात १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकावर तत्काळ कळवल्यास पैसे पुढे सरकण्याआधी गोठवले जाण्याची शक्यता असते; तासाभराचा उशीरही इथे महागात पडतो. कार्डाची बाजू याच टप्प्यावर उजवी ठरते, विशेषतः वस्तू आलीच नाही किंवा भलतीच आली अशा वादांत, कारण कार्ड देणाऱ्या बँकेकडे हरकत नोंदवून रक्कम विक्रेत्याच्या बँकेकडून परत मागवण्याची रुळलेली पद्धत आहे. क्रेडिट कार्ड असेल तर वाद मिटेपर्यंत अडकलेले पैसे आपले नसून बँकेचे असतात.

मग काय निवडावे?

अनोळखी विक्रेत्याकडून दुरून खरेदी असेल तर कार्ड, आणि हप्ते थकवण्याची सवय नसेल तर क्रेडिट कार्ड. घरच्यांना, ओळखीच्यांना किंवा नियमित देणी द्यायची असतील तर खात्यातून थेट. रोजच्या लहानसहान खर्चाला मर्यादित शिलकेचे वॉलेट, पण त्यात आठवड्याच्या गरजेहून अधिक रक्कम ठेवण्याचे मला काही कारण दिसत नाही.

एकच पद्धत ठेवायची असेल तर मी खात्यातून थेट देण्याच्या बाजूने कौल देईन, मात्र एका अटीवर : ज्या खात्यात पगार किंवा आयुष्यभराची बचत आहे ते खाते फोनला जोडू नये. दुसरे साधे खाते उघडून त्यात महिन्याच्या खर्चापुरते पैसे वळते करावेत. यामुळे वॉलेटसारखी मर्यादा मिळते आणि बँक खात्याचे संरक्षणही राहते. किमान शिलकेची अट काय आहे एवढे मात्र आधी विचारून घ्यावे. दोन्ही खात्यांना एकाच बँकेचे एकच ॲप लागू होत असेल तर मात्र ही तटबंदी नावापुरतीच उरते, म्हणून दुसरे खाते शक्यतो वेगळ्या बँकेत असावे.

सुरुवात करताना ॲपमधील व्यवहाराची दैनिक मर्यादा स्वतः कमी करून घ्यावी, सिमकार्डाला वेगळा पिन लावावा, आणि अचानक फोनचे नेटवर्क बराच वेळ गेले तर ते सिम दुसऱ्याने आपल्या नावावर काढून घेतल्याचे लक्षण असू शकते हे ध्यानात ठेवून लगेच दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवावे. त्यासाठी बँकेचा खाते गोठवण्याचा क्रमांक कागदावर लिहून ठेवावा लागतो, कारण फोनच हातात नसेल तर त्यात साठवलेला क्रमांक उपयोगाचा नाही.