सात महिने वापरल्यावर: सगळं चालतं, फक्त रोकड जागेवर बसत नाही

या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बँक स्टेटमेंट ओढून घेणं, बिलं, परकीय चलन, एकत्रित ट्रायल (सगळ्या खात्यांच्या बाक्यांची यादी), यातलं काय काय मिळतं ते तुम्ही वाचलेलंच असेल, त्यात जात नाही. सात महिन्यांत त्यातलं काहीही बिघडलं नाही. एन्ट्री पटापट पडतात आणि बेरजेवर क्लिक केलं की थेट व्हाउचर उघडतं. मला लिहायचंय ते बॅलन्स शीटबद्दल, म्हणजे ताळेबंदाबद्दल. तेसुद्धा फक्त तिच्यातल्या क्रमाबद्दल.

आमच्या तीन कंपन्या आहेत. मूळ कंपनी भारतात, एक उपकंपनी जर्मनीत, एक अमेरिकेत. तिन्हींची पुस्तकं एका जागी येतील म्हणून हे सॉफ्टवेअर घेतलं आणि सूट मिळते म्हणून वर्षाचे पैसे आगाऊ भरले. (हा निर्णय माझाच, त्यामुळे पुढची चिडचिडही माझीच.) मार्चअखेरपर्यंत ट्रायलच्या पलीकडे कुणी पाहिलंच नाही. मग भारतीय कंपनीची बॅलन्स शीट पीडीएफ करून ऑडिटरकडे पाठवली. दहा मिनिटांत फोन आला. ‘अहो, ही कुठल्या देशाची पाठवलीत?’

उघडून बघतो तर पहिल्याच ओळीत रोकड. तिच्याखाली बँक, येणी, साठा, मग यंत्रसामग्री. त्यानंतर देणी, आणि भागभांडवल पार तळाला. आकडे बरोबर, दोन्ही बेरजा जुळलेल्या, पण कागद उलटा. कंपनी कायदा २०१३ च्या शेड्यूल थ्रीमध्ये ताळेबंदाचे नमुने दिलेत, त्यातल्या आम्हाला लागू असलेल्या डिव्हिजन वनमध्ये आधी भागधारकांचा निधी येतो, मग दीर्घ मुदतीची देणी, मग चालू देणी. मालमत्ता त्यानंतर, आणि तीही स्थिर आधी, चालू मागून. रोकड चालू मालमत्तेत चौथी: चालू गुंतवणूक, साठा, येणी, मग ती. पहिलीही नाही आणि शेवटचीही नाही.

सेटिंगमध्ये देश ‘भारत’च होता. त्याने तारीख बदलली, जीएसटीचे रकाने आले, स्वल्पविराम लाख-कोटीच्या जागी पडले. क्रमाला मात्र हात लागला नाही. म्हणजे अमेरिकेचा साचा घेऊन त्यावर आपले स्वल्पविराम चिकटवलेत, हे माझं त्या दिवशीचं मत.

सपोर्टकडे तिकीट (तक्रार) टाकलं. उत्तर आलं, ‘आमचा क्रम आंतरराष्ट्रीय मानकांप्रमाणे आहे.’ इथं माझं डोकं फिरलं. आयएएस १ हे ताळेबंदाच्या मांडणीचं आंतरराष्ट्रीय मानक क्रम ठरवूनच देत नाही. चालू आणि बिगरचालू वेगळं दाखवा, किंवा जास्त उपयोगी ठरत असेल तर रोखतेच्या (म्हणजे काय किती लवकर रोकड होतं त्या) क्रमाने मांडा, एवढंच ते सांगतं. रोकड वर घेणं ही अमेरिकी वहिवाट. तिथल्या एसईसीच्या (शेअर बाजार नियामकाच्या) रेग्युलेशन एस-एक्स या नियमावलीतही यादी रोकडीपासूनच सुरू होते, कारण वाचणाऱ्याचा पहिला प्रश्न ‘हातात किती आहे’ हा धरलेला असतो. आमच्या अमेरिकी कंपनीचा ताळेबंद याच सॉफ्टवेअरमधून काढला तर त्यात एक ओळ हलवावी लागली नाही, हेही इथं सांगून टाकतो.

दुसरं उत्तर, ‘क्रम खाते क्रमांकावरून ठरतो, क्रमांक बदलून घ्या.’ वाचायला सोपं आहे. चाचणीच्या प्रतीत ३१२ खात्यांना नवे क्रमांक देऊन पाहिले. क्रम खरंच बदलला, भांडवल तेवढं तळालाच राहिलं. पण बँक आयातीचे नियम जुने क्रमांक धरून बसलेले, त्यामुळे महिनाभराच्या नोंदी ‘अवर्गीकृत’मध्ये जाऊन पडल्या. अर्धा दिवस गेला. बरं की ती खरी पुस्तकं नव्हती.

आणि जर्मनीत तर हा सल्ला लागूच पडत नाही. तिथं आमचा कर सल्लागार एसकेआर ०३ ही ठरलेली खातेयादी वापरतो. तिच्यात बँक १२००. तिचीच भावंड एसकेआर ०४, तिच्यात बँक १८००. ०४ ची मांडणी वर्षअखेरचा ताळेबंद डोळ्यासमोर ठेवून केलेली आहे, म्हणून क्रमांकाने लावली तरी कागद बराच जागेवर येतो. ०३ ची मांडणी धंद्याच्या कामकाजाप्रमाणे. तिच्या शून्याने सुरू होणाऱ्या वर्गात यंत्रंही आहेत आणि भागभांडवलही. आता क्रमांकाने लावा: आधी यंत्रसामग्री, मग ०८०० वर भांडवल, मग तरतुदी (रक्कम अजून नक्की न झालेली देणी), आणि १००० वर रोकड. मालमत्ता आणि देणी अशी मिसळायला नकोत म्हणून सॉफ्टवेअर आधी खात्याचा प्रकार बघतं, मग क्रमांक. म्हणजे क्रमांक बदलूनही मोठे गट जागचे हलत नाहीत. भारतीय प्रतीत माझं भांडवल तळालाच का राहिलं होतं, ते हे समजल्यावर उलगडलं. फ्रान्समध्ये तर पहिला आकडाच ठरलेला असतो, १ म्हणजे भांडवल, २ स्थिर मालमत्ता, ५ बँक आणि रोकड. त्यांचा ताळेबंद मात्र मालमत्तेच्या बाजूला स्थिर मालमत्तेपासून उघडतो. क्रमांक खातं शोधण्यासाठी आहे. कागदावर ते कुठं बसावं, हे वेगळ्या रकान्यात पाहिजे.

तिसरं उत्तर, ‘रिपोर्ट डिझायनर’ विकत घ्या. जादा पैसे, दरमहा, प्रत्येक कंपनीमागे. तीन ओळी वरखाली करायला. मी नाही घेतला.

इथवर लिहून ठेवलं होतं आणि एक तारा देऊन मोकळा होणार होतो. तीन आठवड्यांनी खात्यांच्या एका ग्रुपच्या नावात शुद्धलेखन सुधारत असताना ‘प्रगत’ नावाची घडी उलगडली गेली आणि आत एक रिकामा चौकोन दिसला: ‘मांडणी क्रम’. मदतपानावर त्याचा उल्लेख नाही, सपोर्टवाल्या तिघांनाही ठाऊक नव्हता. भागधारकांच्या निधीला १०, दीर्घ मुदतीच्या देण्यांना २०, असे दहादहाचे टप्पे टाकले. रिपोर्ट ताजा केला. भांडवल वर, रोकड चालू मालमत्तेत चौथी! आतल्या खात्यांनाही हा चौकोन आहे. खुर्चीतून उठून चहा घेऊन आलो आणि पुन्हा बघितलं, तसंच होतं. उद्या आम्हाला इंड एएस (आंतरराष्ट्रीय मानकांवर बेतलेली भारतीय लेखामानकं) लागू झालं तर डिव्हिजन टूप्रमाणे मालमत्ता आधी घ्यावी लागेल, एकाच शेड्यूलमध्ये उलटा क्रम. तेही आता पाच मिनिटांचं काम.

जर्मन कंपनीचंही जमलं. त्यांच्या एचजीबी या व्यापारी कायद्याच्या २६६ व्या कलमाप्रमाणे स्थिर मालमत्ता आधी आणि चालू मालमत्तेत रोकड शेवटी. समोरच्या बाजूला भांडवल, मग तरतुदी, मग देणी. तरतुदी देण्यांच्या पोटातून काढून वेगळा ग्रुप करावा लागला, एवढंच.

पण क्रमाने सगळं सुटत नाही. जर्मन कंपनीचा तोटा भांडवल खाऊन पुढे गेलाय. तिथल्या २६८ व्या कलमाप्रमाणे अशी तूट मालमत्तेच्या बाजूला अगदी शेवटी दाखवायची असते. आपल्याकडेही आधीच्या कंपनी कायद्यातल्या जुन्या शेड्यूल सिक्समध्ये नफातोट्याची नावे बाकी (म्हणजे साचलेला तोटा) मालमत्तेखालीच यायची. २०११-१२ पासून ती राखीव निधीत उणे दाखवतात. सॉफ्टवेअरला हे उणेच कळतं. भारतासाठी ठीक, जर्मनीसाठी तो एक आकडा हाताने हलवतो. ब्रिटनमध्ये कंपनी असती तर आणखी पंचाईत, कारण तिथल्या प्रचलित नमुन्यात चालू मालमत्तेतून वर्षाच्या आत द्यायची देणी मधेच वजा करून निव्वळ आकडा काढतात. ती वजाबाकी कुठल्या चौकोनात टाकायची?

म्हणून तारे तीन. साडेतीन देणार होतो, पण काल कळलं की ‘मांडणी क्रम’ कंपनीसाठी जतन होतच नाही, लॉगिनसाठी होतो. ऑडिटरने स्वतःच्या लॉगिनने उघडलं तर रोकड परत पहिल्या ओळीत. चौथं तिकीट टाकलंय. तोवर त्यांना पीडीएफ माझ्याच लॉगिनमधून जाते.