ईआर-पीआर टेस्ट : सुईच्या तुकड्यावर का ऑपरेशनच्या गाठीवर, जळगावात का मुंबईत?

आपल्याकडे जळगाव-धुळे-नंदुरबारला ब्रेस्ट कॅन्सरचा रिपोर्ट हातात पडला की घरात लगेच वाद सुरू होतो, ईआर-पीआर (कॅन्सरच्या पेशींत इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉन हार्मोनचे रिसेप्टर, म्हणजे ते हार्मोन पकडणारी प्रोटीन, आहेत का हे रंग चढवून बघायची टेस्ट) इथंच करायचं का ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा, मुंबईला परळच्या टाटा हॉस्पिटलला पाठवायचा. पण भो, लॅबचं नाव नंतर. आधी हे विचारा की काढलेला तुकडा फॉर्मलिनमध्ये (तो सडू नये म्हणून वापरतात ते औषधी पाणी) किती वेळात पडला आणि किती वेळ राहिला, कारण तिथंच बिघडलं असेल तर परळचं भारीतलं मशीन पण काही करू शकत नाही.

नियम असा आहे की तुकडा काढल्यापासून १ तासाच्या आत फॉर्मलिनमध्ये गेला पाहिजे आणि ६ ते ७२ तास त्यातच राहिला पाहिजे. ट्रूकट बायोप्सीत हे सहज जमतं, सुईने निघालेले बारीक धागे लगेच बाटलीत पडतात आणि फॉर्मलिन आतपर्यंत पोचतं. ऑपरेशनमध्ये अख्खा स्तन निघतो, फॉर्मलिन तासाला जेमतेम १ मिलिमीटर आत शिरतं, म्हणजे न कापता तसाच बादलीत ठेवला तर बाहेरून पक्का आणि आत गाठ सडायला लागलेली, त्यात मे महिन्यातलं आपलं जळगावचं ऊन आणि नमुना गाडीत तालुक्याहून येतोय, मग रिसेप्टर असूनही रंग चढत नाही आणि रिपोर्ट निगेटिव्ह येतो. म्हणून माझं मत स्पष्ट आहे, पहिली टेस्ट ट्रूकटवर करा. मोठ्या गाठीचा फायदा एवढाच की गाठीत सगळीकडे सारखे रिसेप्टर नसले तर ते तिथं दिसतं, बारीक धाग्यात तो भाग सुटू शकतो.

आता इथं का तिथं. इथं केलं तर रिपोर्ट लवकर मिळतो, शंका आली तर पॅथॉलॉजिस्टला जाऊन भेटता येतं. मुंबईत रोजच्या रोज ढीगभर केसेस होतात त्यामुळे हात बसलेला असतो, पण वाट बघावी लागते. पेशंटला न्यायची गरज नाही, ब्लॉक गेला की झालं. इथल्या लॅबचं एनएबीएल (लॅबच्या दर्जाची मान्यता) असेल तर त्यात आयएचसी, म्हणजे हीच रंग चढवायची पद्धत, धरलंय का ते विचारा, नुसता बोर्ड बघून खूश होऊ नका.

रिपोर्ट चांगला पॉझिटिव्ह असेल, म्हणजे बहुतेक पेशी गडद रंगलेल्या, तर परत टेस्टवर पैसे घालवू नका. निगेटिव्हला मात्र डोळे उघडे ठेवा. १ टक्का पेशी रंगल्या तरी पॉझिटिव्ह धरतात, ईआर १ ते १० टक्के असेल तर लो पॉझिटिव्ह लिहितात. निगेटिव्ह असेल तर शेजारच्या स्तनातल्या नॉर्मल दूधनळ्यांना (त्यांत रिसेप्टर असतातच) रंग आलाय का हे विचारायचंच, त्यांनाही आला नसेल तर तो निगेटिव्ह नाही, ती फसलेली टेस्ट आहे. ग्रेड १ (हळू वाढणारी) किंवा लोब्युलर (ब्रेस्ट कॅन्सरचा एक प्रकार) गाठ आणि ईआर निगेटिव्ह, हे सहसा जुळत नाही, अशा वेळी ब्लॉक पाठवाच.

ही भीती उगाच नाही. कॅनडातल्या न्यूफाउंडलँडमध्ये १९९७ ते २००५ दरम्यानच्या टेस्ट टोरांटोला परत तपासल्या तेव्हा साडेतीनशेहून जास्त पेशंटचे रिपोर्ट चुकलेले निघाले, चौकशी आयोग बसला, २००९ मध्ये अहवाल आला. अमेरिकेच्या २०१० च्या गाइडलाइनमध्येही लिहिलंय की जगभरातल्या अशा टेस्टपैकी २० टक्क्यांपर्यंत चुकीच्या असू शकतात. आणि चुकीच्या निगेटिव्हने जातं काय, तर टॅमॉक्सिफेनसारखी स्वस्त गोळी, जी ५ वर्षं घेतली तर ईआर पॉझिटिव्ह बाईचा कॅन्सर परत येण्याचा धोका सुमारे ४० टक्क्यांनी कमी होतो.

पाठवायचं ठरलं तर ब्लॉकच मागा. कापून ठेवलेल्या स्लाइड ६ आठवड्यांनंतर भरवशाच्या राहत नाहीत, ब्लॉक वर्षानुवर्षं टिकतो. लॅबवाले कुरकुर करतील, पण लेखी अर्ज दिला की देतात. कुरियरची पावती आणि ब्लॉकचा नंबर मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा, आणि काम झालं की ब्लॉक परत मागवा, पुढे हर-टूचा (कॅन्सर पेशीवरच्या आणखी एका प्रोटीनची टेस्ट) २ प्लस, म्हणजे धड हो नाही धड नाही असा रिपोर्ट, आला तर फिश या पुढच्या जीन-टेस्टसाठी तोच लागेल.