फ्रीबीएसडीच्या 'सपोर्ट'पायी १,०६,७९० रुपये गेले

लिहायला लाज वाटते. वीस वर्षं सर्व्हर सांभाळतोय आणि सर्व्हरच्याच कामात फसलो.

कोल्हापुरात माझं छोटं होस्टिंग आहे. दोन मशीन, दोन्हींवर फ्रीबीएसडी ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम, आवृत्ती १२.४. तिला सुरक्षेच्या दुरुस्त्या (पॅच) मिळायची मुदत ३१ डिसेंबर २०२३ ला संपली, हे मला माहीत होतं. पण १३ वर जायचं तर एका पतसंस्थेचं जुनं सॉफ्टवेअर अडत होतं. वर त्यांचे ऑडिटर हटून बसले: फुकटच्या सिस्टीमला जबाबदार कोण? सपोर्टचं पत्र आणा. लिनक्ससाठी असं पत्र देणारे पुष्कळ. फ्रीबीएसडीसाठी जवळपास शोधून बघा, मग मला नावं ठेवा.

त्याच आठवड्यात एकाचा फोन आला. फ्रीबीएसडीतलं जेल, झेडएफएस, पोर्ट्स, सगळं घडाघडा बोलला. "१२.४ ला आम्ही अजून दोन वर्षं पॅच देतो, सर." वर्षाचे ७२,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ८४,९६०. एनईएफटी केली. लेटरहेडवर पत्र आलं, ऑडिटर गप्प झाले. त्याला रूटची, म्हणजे सर्व्हरच्या पूर्ण ताब्याची, किल्ली मीच दिली. अनोळखी माणसाला रूट देऊ नका, कधीच नाही.

फेब्रुवारीत पहिला पॅच रिपोर्ट आला. तिसऱ्या पानावर, अगदी तळाला: 'यम अपडेट कम्प्लीटेड'. अहो, यम हे अपडेटचं साधन रेड हॅट लिनक्सकडचं! फ्रीबीएसडीत अपडेटला फ्रीबीएसडी-अपडेट आणि पीकेजी. त्या ओळीखाली मी पेनानं रेघ मारली होती, ती प्रिंट अजून फायलीत आहे. विचारलं तर म्हणाला, "टेम्प्लेट दुसऱ्या क्लायंटचं राहिलं, सर." मी मान्य केलं, कारण पत्र ऑडिटरकडे पोचलं होतं. रेघ मारणारा हात तिथंच फोनकडे जायला हवा होता.

१ जुलै २०२४ ला ओपनएसएसएचमधलं (सर्व्हरवर दुरून लॉगिन करायचं सॉफ्टवेअर) मोठं भगदाड जाहीर झालं. फ्रीबीएसडीनं चालू आवृत्त्यांना त्याच दिवशी पॅच दिला, फुकट. या सपोर्टवाल्यानं माझ्याकडून 'इमर्जन्सी' म्हणून १८,५०० अधिक जीएसटी, २१,८३० घेतले. नंतर पाहिलं तर एसएसएचडीच्या, म्हणजे त्याच सॉफ्टवेअरच्या, फाइलची तारीख माझ्या शेवटच्या अपडेटचीच होती. बदलला होता फक्त लॉगिनचा मजकूर.

ऑगस्टमध्ये सीए म्हणाले, बिलं २बीत (विक्रेत्यांनी भरलेल्या बिलांच्या जीएसटी पत्रकात) दिसत नाहीत. जीएसटी नंबर भलत्याच दुकानाचा, तोही रद्द झालेला. जीएसटी पोर्टलवर लॉगिन न करता नंबर तपासता येतो. पैसे पाठवण्याआधी तपासा!

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला: व्यवहार जुना, रक्कम गोठवता येणार नाही. पोलीस ठाण्यात: "तुम्ही स्वतःच पाठवले ना साहेब? करार आहे म्हणजे दिवाणी मामला." सायबर सेलनं परत ठाण्याकडे पाठवलं. त्यांना फ्रीबीएसडी म्हणजे काय हे सांगण्यात तास गेला, आणि लिहून घेतलं 'कॉम्प्युटर दुरुस्ती'. चार खेपा मारल्या. बँक म्हणते ओटीपी तुमचाच. जीएसटी कार्यालयात अर्जावर आवकचा शिक्का मिळाला, उत्तर नाही. वकील म्हणाले, धंद्यासाठी घेतलेली सेवा, ग्राहक आयोगात टिकणं अवघड. मग जायचं कुठे? रद्द नंबरावर कर वसूल करणारा मोकळा फिरतोय आणि कागद मी गोळा करतोय!

'यम'चा उल्लेख असलेला असा रिपोर्ट आणखी कुणाकडे असेल तर कळवा. एकट्याची तक्रार कुणी घेत नाही, एकत्र देऊ.