अझासायटिडीन एकटे की व्हेनेटोक्लॅक्सच्या जोडीने?

अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाचे नुकतेच निदान झालेल्या, परंतु वय ७५ किंवा अधिक असल्याने अथवा इतर आजारांमुळे तीव्र केमोथेरपी न झेपणाऱ्या रुग्णांवरील व्हायले-ए चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. अझासायटिडीनच्या इंजेक्शनांसोबत प्लासिबो (औषध नसलेली गोळी) घेणाऱ्या गटात जगण्याचा मध्यक कालावधी (ज्याहून निम्मे रुग्ण अधिक काळ जगतात) ९.६ महिने होता, तर व्हेनेटोक्लॅक्सच्या गोळ्यांची जोड मिळालेल्या गटात तो १४.७ महिने झाला. पाच महिन्यांचा हा फरक रुग्णाच्या घरच्यांना लहान वाटणार नाही, आणि मलाही तो लहान वाटत नाही.

मात्र पांढऱ्या पेशी घटून ताप येण्याचे प्रमाण १९ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेले. म्हणून जंतुसंसर्गावर तातडीने उपचार करणारे रुग्णालय जवळ आहे का, हे आधी पाहावे.