बोटॉक्स की डिस्पोर्ट : हिशेब कुपीपासून सुरू होतो

बोटॉक्स आणि डिस्पोर्ट ही सुरकुत्यांसाठी टोचायची औषधं, आणि दोन्ही बोट्युलिनम टॉक्सिन 'ए'च. दोन्ही सुरकुती पाडणाऱ्या स्नायूला तीन-चार महिने गप्प बसवतात. चेहरा अजिबात न हलवताही दिसणारी खोल घडी दोन्हींनी पुरती जात नाही. तिथे फिलरची, म्हणजे घडी आतून भरून काढणाऱ्या इंजेक्शनची गोष्ट निघते आणि ती निराळी. एवढं ठाऊक असूनही डॉक्टरांनी "मग कोणतं करू या?" असं विचारल्यावर जे गोंधळतात, त्यांच्यासाठी हा आढावा. माझा कल बोटॉक्सकडे आहे. पण त्याचं कारण परिणामात नाही, कुपीत आहे.

परिणामाचं आधी उरकून घेऊ. डिस्पोर्ट दोन-तीन दिवसांत जाणवू लागतं, बोटॉक्सला तीन-चार दिवस लागतात, आणि खरा निकाल दोन्हींचा चौदाव्या दिवशी. घरात लग्न असेल तर तीन-चार आठवडे आधीच उरकायला हवं, म्हणजे त्या एका दिवसाच्या फरकाचं कौतुक संपलं. टिकण्यातही उघड्या डोळ्यांना फरक दिसत नाही. नुसतं कपाळ बघून 'हे बोटॉक्स, हे डिस्पोर्ट' असं कुणी छातीठोक सांगत असेल तर मी विश्वास ठेवणार नाही.

डिस्पोर्ट जास्त पसरतं, असं सगळेच सांगतात. ते अर्धं खरं आहे. औषध किती पसरेल हे किती सलाइनमध्ये कालवलं आणि एका ठिकाणी किती सोडलं यावरही ठरतं. पातळ केलं तर बोटॉक्सही पसरतं. रुंद कपाळावर थोडं पसरणारं औषध उलट सोयीचं, कमी टोचण्यांत एकसारखं काम होतं. भुवयांच्या मधल्या आठ्यांना मात्र पसरणं परवडत नाही. तिथे भुवईच्या हाडाच्या कडेपासून निदान एक सेंटिमीटर वर टोचायचं असतं. त्याखाली गेलं तर औषध पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत पोचू शकतं आणि मग एक डोळा अर्धा मिटलेला दिसतो. तो आपोआप सुधारतो, पण काही आठवड्यांनी. मधल्या काळात अप्राक्लोनिडीनचे डोळ्यांत घालायचे थेंब पापणी एक-दोन मिलिमीटर वर घेतात, तेवढाच आधार. बहुतेक वेळा हा दोष औषधाचा नसून हाताचा असतो, त्यामुळे यावरून ब्रँड ठरवणं मला पटत नाही.

कपाळाचंही तसंच. भुवया वर उचलणारा स्नायू तो एकच. तो जास्त लुळा केला की भुवया डोळ्यांवर बसतात आणि माणूस सतत झोपाळू दिसतो. ज्यांच्या पापण्या मुळात जड आहेत आणि जे दिवसभर कपाळाच्या जोरावर डोळे उघडे ठेवतात, त्यांनी कपाळाला हात लावण्याआधी दोनदा विचार करावा. उलट मधोमध टोचून कडा मोकळ्या सोडल्या तर भुवयांची टोकं खलनायकासारखी वर चढतात. तो दोष कडेला एक-दोन युनिट (औषधाच्या ताकदीचं माप) देऊन निस्तरता येतो.

आता कुपी. भुवयांच्या मधल्या आठ्यांसाठी बोटॉक्सचा अधिकृत डोस २० युनिट, पाच ठिकाणी चार-चार. डिस्पोर्टचा ५० युनिट, पाच ठिकाणी दहा-दहा. दोघांची युनिटं वेगळी आहेत. डिस्पोर्टची अडीच ते तीन युनिटं म्हणजे बोटॉक्सचं एक, असा ढोबळ हिशेब सगळे करतात, पण कंपन्या स्वतः तो मान्य करत नाहीत. म्हणून 'आमच्याकडे युनिट स्वस्त' ही जाहिरात वाचली की आधी कुठलं युनिट ते विचारावं.

बोटॉक्सची कुपी ५० किंवा १०० युनिटांची येते. पन्नासच्या कुपीत १.२५ मिली सलाइन घातलं की ०.१ मिलीत ४ युनिट. आठ्यांना २० आणि दोन्ही डोळ्यांच्या कडांना मिळून २४, एकूण ४४. एका माणसाला एक कुपी, उरलं जेमतेम ६. कपाळही करायचं असेल तर शंभरची लागते. डिस्पोर्टची कुपी ३०० किंवा ५०० युनिटांची. त्याच कामाला आठ्यांचे ५० आणि कडांचे ६० मिळून ११० लागतात. मग राहिलेलं कुणाला? कालवलेलं औषध २ ते ८ अंशांवर ठेवून २४ तासांत वापरावं, असं बोटॉक्सच्याही आणि डिस्पोर्टच्याही माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. अनेक अनुभवी डॉक्टर त्याहून जुनं वापरतात आणि काही फरक पडत नाही म्हणतात. असेलही. काही क्लिनिकं एकाच दिवशी सगळे पेशंट बोलावतात, तेही ठीकच.

माझं अडतं ते एवढ्यावरच : मला टोचलं जाणारं औषध कधी आणि किती सलाइनमध्ये कालवलं, हे भरून आणलेल्या सिरिंजकडे बघून कळत नाही. आणि परिणाम दोन महिन्यांतच उतरला तर दोष कशाचा? शिळं होतं, पातळ होतं, डोस कमी पडला, की स्नायूच दणकट? चारही शक्यता उभ्या राहतात आणि पैसे गेलेले असतात. पन्नासची कुपी समोर फोडली की त्यातल्या पहिल्या दोन शंका तिथेच मिटतात.

समोर फोडताना बघायचं काय? नवी कुपी जवळजवळ रिकामीच वाटते, तळाला पांढुरका पातळ थर असतो. आत हवा काढलेली असते, त्यामुळे सुई रबरी बुचातून आत गेली की सलाइन आपोआप ओढलं जातं, दट्ट्या दाबावा लागत नाही. तसं ओढलं गेलं नाही तर ती कुपी टाकून द्यायची असते. मग कुपी हलक्या हाताने फिरवतात. खळाखळा हलवत नाहीत. टोचायला बऱ्याचदा इन्सुलिनची सिरिंज वापरतात आणि तिथे आणखी एक गंमत आहे. १०० युनिटांच्या त्या सिरिंजवरचा १०चा आकडा इन्सुलिनचा, म्हणजे ०.१ मिली. वरच्या मापाने कालवलेलं बोटॉक्स त्यात ४ युनिट असतं, १० नव्हे. आकडा बघून 'पन्नास दिले' समजणारे वीसच घेऊन घरी जातात.

माझ्या याच निकषावर झिओमिन हे त्याच जातीचं तिसरं औषधही उतरतं. त्याची पन्नासची कुपी मिळते, आठ्यांचा डोसही २०, टॉक्सिनला जोडून येणारी जिवाणूची प्रथिनं काढून टाकलेली, आणि न उघडलेली कुपी २५ अंशांपर्यंत बाहेर चालते. (आपल्याकडे मे महिन्यात २५ अंश म्हणजे एसीच.) तरी डॉक्टरांचा हात ज्या औषधावर बसला आहे तेच घ्यावं, आणि तो बहुतेकांचा बोटॉक्सवर बसलेला असतो.

गाईच्या दुधातल्या प्रथिनांची खरी ॲलर्जी असेल तर डिस्पोर्टचा विषयच संपला. दूध पचत नाही, पोट फुगतं, ही ती ॲलर्जी नव्हे. तिन्हींत मानवी रक्तातलं अल्ब्युमिन असतं, कुणाला त्याचं वावडं असेल तर आधीच कळलेलं बरं. गरोदर असाल, बाळ अंगावर पीत असेल, मायस्थेनिया ग्रेव्हिस (स्नायू अशक्त करणारा आजार) असेल, तर यातलं काहीच नको. जेंटामायसिन, अमिकासिनसारखी अँटिबायोटिक इंजेक्शनं चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगावं. टोचल्यावर चार तास आडवं व्हायचं नाही आणि चेहरा चोळायचा नाही. त्या दिवशी फेशियल नाही, अभ्यंग नाही, आणि हळदीचा दिवस तर चुकूनही तो नको.

डिस्पोर्ट मीही घेईन अशी एक वेळ आहे. तिघी-चौघी एकाच दिवशी एकाच ठिकाणी जाणार असतील, कपाळ रुंद असेल आणि मोठी कुपी सगळ्यांसमोर फुटणार असेल, तर तो सौदा चांगला पडतो. तेव्हाही निघताना कागदावर चार गोष्टी लिहून घ्याव्यात : औषधाचं नाव, लॉट नंबर, किती मिलीत कालवलं, कुठे किती युनिट. पुढच्या खेपेला डॉक्टर बदलले तर त्यांना आधी हाच कागद लागतो.