मालवणची पेठ ते सिंधुदुर्ग : गुरुजींसोबतची पायी फेरी

आपला कोल्हापूरकर फोंडा घाट उतरून मालवणला जातो ते मासे खायला. किल्ला मधल्या वेळेत उरकतो. तसं करू नका, एवढ्यासाठी हे लिहितोय. तिथल्या एका निवृत्त गुरुजींची सकाळची पायी फेरी आम्ही घरच्यांनी घेतली. माणशी ३०० रुपये, आणि ते शंभर टक्के वसूल झाले.

मी बांधकामातला माणूस, शिवाजी पेठेत काळ्या दगडाच्या भिंती बघत वाढलेला. फेरी बाजारपेठेतनं सुरू होते आणि पहिल्याच जुन्या घरासमोर गुरुजी थांबले ते जांभ्यासाठी, म्हणजे कोकणातल्या तांबड्या दगडासाठी. त्याचा चिरा खाणीतनं निघतो तेव्हा मऊ असतो, हत्यारानं सहज तासता येतो, मग वारा लागेल तसा कडक होत जातो. वर मंगलोरी कौलं, आणि भिंतीवर पावसाचं झोडपणं येऊ नये म्हणून पुढं चांगलं लांब काढलेलं छप्पर. माझा पोरगा आर्किटेक्चरला आहे, त्यानं वही काढली.

मालवणातल्याच मेढा भागातलं जय गणेश मंदिर अलीकडचं, कालनिर्णयच्या जयंत साळगावकरांनी बांधलेलं. स्वच्छ, सुंदर आहे, पण तिथं जास्त वेळ नको. तो वेळ मोरयाच्या धोंड्याला द्या. किनाऱ्यावरच्या खडकात गणपती, चंद्र-सूर्य कोरलेत. २५ नोव्हेंबर १६६४ ला शिवाजी महाराजांनी इथंच पूजा करून समोरच्या कुरटे बेटावर किल्ल्याचं काम सुरू केलं. तिथं उभं राहून पाण्यापलीकडचा तट बघितला, की होडीत बसायच्या आधीच कामाचा आवाका कळतो. ४८ एकर बेट, त्याच्याभोवती जवळपास तीन किलोमीटरचा तट, आणि १६६७ ला काम पुरं!

धक्क्यावरनं होडी. "हळू येवा, पायरी निसरडी आसा," म्हणत गुरुजींनी आमच्या आईला हात देऊन उतरवलं. महादरवाजा बाहेरनं दिसतच नाही, दोन बुरुजांच्या वळणात लपवलाय. तटाजवळ गेल्यावर मी बराच वेळ एकाच जागी उभा होतो. खारा वारा दगडाला खातो, चिऱ्यावर खळगे पडलेत, पण मधला चुना तसाच पुढं आलेला, बोटानं घासला तरी सुटत नाही. तटाच्या पायात शिसं ओतलंय म्हणतात ते पाण्याखाली, पण हा चुना डोळ्यासमोर आहे. आमच्या धंद्यातल्या प्रत्येकानं तो हात लावून बघावा. दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरींना चहूबाजूनं समुद्र असून गोडं पाणी आहे. शिवराजेश्वराच्या देवळात महाराजांची मूर्ती बिनदाढीची आहे. हे देऊळ त्यांचे धाकटे चिरंजीव राजाराम महाराजांनी बांधलं.

आम्ही कोल्हापूरचे म्हटल्यावर गुरुजी खुलले. हा किल्ला करवीरच्या, म्हणजे आपल्या कोल्हापूरच्या गादीचा होता. १७६५ ला इंग्रजांनी घेतला, फोर्ट ऑगस्टस नाव ठेवलं, आणि पुढच्या वर्षी तह करून परत दिला. तेव्हा करवीरचा कारभार जिजाबाई राणीसाहेब बघत होत्या. शेवटी १८१२ च्या तहात मालवण बंदर आणि किल्ला ईस्ट इंडिया कंपनीकडं गेला. म्हणजे आपल्या कोल्हापूरला समुद्र होता, आरमार होतं. शाळेत हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. गुरुजींना माझी विनंती एवढीच, की हे विचारल्यावर नव्हे तर प्रत्येक गटाला सांगा, आणि ते मोरयाच्या धोंड्यापाशीच सांगा.

तक्रार एकच, ती होडीवाल्याची. किल्ल्यात तासभरच देतात आणि वेळ झाली की हाकारे सुरू. तीन किलोमीटरचा तट तासात कसा फिरायचा? दुसऱ्या फेरीच्या होडीनं परत येतो असं चढतानाच बोलून घ्या, जादा पैसे लागले तर द्या. पावसाळ्यात होड्या बंद असतात. दिवाळीनंतर जावा, सकाळी लवकर फेरी धरा, म्हणजे उन्हाच्या आत तट होतो आणि मासे दुपारी आहेतच.